बेगड आणि पोलाद

शस्त्रांच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्राने तीनच रंग मान्य केलेले दिसतात. तलवार चंदेरी, मूठ सोनेरी आणि तोफ काळी कुळकुळीत. दिवाळीत अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर पाहा, शिवजयंतीच्या मिरवणुकीतला देखावा पाहा, किंवा आमच्यासारख्या महाविद्यालयांतून भरणारी इतिहासाची प्रदर्शने पाहा. प्लायवूडचा भाला असो, पुठ्ठ्याची ढाल असो किंवा पीव्हीसी पाइपाची तोफ असो, या तीन डब्यांपलीकडे कुणाचा कुंचला जात नाही. खाली पाटीवर मात्र ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘हुबेहूब प्रतिकृती’.

हा ‘हुबेहूब’ शब्द मला फार खटकतो आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच. माझे म्हणणे थोडक्यात असे : प्रतिकृतीला धातूचा रंग देणे ही शेवटच्या रात्री उरकून टाकण्याची सजावट नव्हे. ते शस्त्र कशाचे होते, कुणी घडवले, कुणी हाताळले आणि कुणी जपले, हे सारे त्या रंगातच सांगायचे असते. तो रंग खोटा झाला की प्रतिकृतीतला इतिहासही खोटा होतो.

आपल्या भाषेने याचा निवाडा फार पूर्वीच करून ठेवला आहे. कथिलाचा पातळ, चकचकीत पत्रा म्हणजे बेगड. देवाच्या मखराला, बाशिंगाला, लाकडी तलवारीला ही बेगड चिकटवीत असत. त्यावरूनच ‘बेगडी’ हा शब्द आला आणि तो माणसांनाही लागू झाला. बेगडी प्रेम, बेगडी भक्ती आपण लगेच ओळखतो. मग बेगडी इतिहास तेवढा डोळ्यांआड का करतो?

आता कुणी म्हणेल, बेगडीचे एवढे वावडे कशाला? ऐतिहासिक नाटकांतून पिढ्यान्‌पिढ्या बेगडीच्याच तलवारी चालल्या आणि त्यांनीच प्रेक्षकांच्या अंगावर रोमांच उभे केले. हे मला पूर्णपणे मान्य आहे. रंगभूमीची गोष्ट निराळी. तिथे प्रेक्षक दूर बसलेला असतो, वर झगझगीत दिवे असतात आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तलवार उपसली हे कळावे लागते. तिथे लखलखाट हा अभिनयाचाच भाग आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर सहा वर्षांच्या मुलाने तोफ गुलाबी रंगवली तरी माझी तक्रार नाही. तो त्याचा खेळ आहे. परंतु प्रदर्शनातली प्रतिकृती टेबलावर ठेवलेली असते आणि प्रेक्षक वीतभर अंतरावरून वाकून तिच्याकडे पाहतो. तो शिकायला आलेला असतो. त्याला आपण ‘हे असे होते’ म्हणून सांगत असतो. तिथे बेगड चालवून घेणे म्हणजे वर्गात चुकीचा सन शिकविण्यासारखे आहे.

आणि या डब्यांत असते तरी काय? चंदेरी म्हणून आपण जो रंग आणतो त्यात चांदी नसते, लोखंड नसते आणि पोलादही नसते. रोगणात कालवलेली ॲल्युमिनियमची पूड असते. म्हणजे तानाजी मालुसऱ्यांच्या तलवारीला आपण स्वयंपाकघरातल्या पातेल्याचा रंग देतो! सोनेरी डब्यातही सोने नसते. तांबे आणि जस्त यांची पूड असते आणि काही दिवसांनी ती काळवंडते. शिवाय आकाराचाही प्रश्न आहे. समजा, बारा फुटांची तोफ आपण बारा इंचांची केली, म्हणजे एका फुटाला एक इंच असे प्रमाण धरले. तोफ बारा पटींनी लहान झाली, पण डब्यातल्या पुडीचा कण काही लहान होत नाही. तो आता बारा पटींनी मोठा असल्यासारखा दिसतो. म्हणून अशी तोफ धातूची न वाटता चमचम लावलेली वाटते. वस्तू जेवढी लहान, तेवढी तिची चमक कमी करावी लागते, हा या कामातला पहिला धडा आहे.

मला हे सांगण्याचा अधिकार काय, असे वाचक विचारतील. मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इतिहास हा माझा विषय आहे आणि आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आमचा धंदा लोहारकीचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कुळवाच्या पासा घडवतात. सांडशीत तापलेले लोखंड अण्णांनी धरायचे आणि समोरून आईने घण घालायचा, हे मी समजू लागल्यापासून पाहत आले. भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा आला आहे. तो फिरवता फिरवता मी दहावीचा अभ्यास केला आहे. त्यामुळे लोखंडाला एकच रंग असतो, हे मला शाळेतही कधी पटले नाही आणि आताही पटत नाही.

लोहाराला वाचता आले नाही तरी रंग वाचता यावाच लागतो. भट्टीतले लोखंड आधी काळपट तांबडे होते, मग लालभडक, मग नारिंगी आणि नंतर पिवळे. कोणत्या रंगाला घण घालायचा आणि कोणत्या रंगाला थांबायचे, हे ठरलेले असते. पाणी देतानाची गंमत तर पाहण्यासारखी असते. छिन्नी लाल करून तिचे फक्त टोक पाण्यात बुडवायचे, बाहेर काढून दगडावर घासून उजळ करायचे आणि मग नुसते बघत राहायचे. मागच्या भागात उरलेली धग पुढे सरकू लागते आणि त्या उजळलेल्या पोलादावर एकामागून एक रंग चालत येतात. आधी गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग टोकाशी आला की छिन्नी पाण्यात! एक रंग आधी बुडवली तर ती घाव सोसताना तुटते, एक रंग उशिरा बुडवली तर टोक वळते. “रंग चुकला की काम गेलं, पोरी,” एवढेच अण्णांचे शास्त्र. ‘पाणीदार’ हा शब्द आपण भाषणात वापरतो, पण तो मूळचा भट्टीशेजारच्या पाण्याच्या कुंडीतला आहे.

सांगण्याचा मुद्दा असा की, एकाच विळ्यावर चार-पाच रंग असतात. पाठीवर भट्टीतून आलेली काळी खपली, जिथे घण बसला तिथे गुळगुळीत करडा भाग, धारेपाशी कानशीने घासलेली पांढरी रेघ आणि मुठीजवळ हाताचा घाम-तेल लागून आलेला तपकिरी मऊपणा. विळ्याची ही कथा, तर तलवारीची किती असेल!

आता खऱ्या शस्त्रांकडे वळू. विजापूरची मुलूखमैदान तोफ आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिली असेल. ती १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली. पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तेथून १६३२ च्या सुमारास विजापुरास नेली. सुमारे चौदा फूट लांब आणि सुमारे पंचावन्न टन वजनाची ही तोफ लोखंडाची नाहीच. ती तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची, म्हणजे ज्या जातीच्या धातूपासून देवळातली घंटा होते त्या जातीची आहे. म्हणून चारशे सत्तर वर्षे उन्हापावसात राहूनही ती गंजून पडली नाही. दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफही अशीच ओतीव मिश्रधातूची. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे मुंडके आहे म्हणून हे नाव. अशा तोफांचा रंग काळा नसतो. तो तपकिरी असतो, खोलगट नक्षीत हिरवट असतो आणि ज्या उंचवट्यांवरून येणारा-जाणारा हात फिरवतो तेवढे पिवळसर उजळलेले असतात. पितळेच्या भांड्यात ताक राहिले म्हणजे जी हिरवी झाक येते ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे, तीच ही. प्रदर्शनात मी मुलूखमैदानच्या दोन प्रतिकृती पाहिल्या आहेत आणि दोन्हीही डांबरासारख्या काळ्या होत्या.

काळ्या तोफा असतातच, पण त्या लोखंडाच्या. लोखंड गंजते म्हणून त्याला काळा लेप देण्याची रीत होती. जंजिऱ्याच्या तटावर खाऱ्या वाऱ्यात पडलेल्या लोखंडी तोफा आज पाहिल्या तर त्या काळ्याही राहिलेल्या नाहीत. विटकरी, खरबरीत, पापुद्रे सुटलेल्या अशा आहेत. उलट महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा तोफखाना आठवा. दि बॉयनच्या हाताखाली सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने आग्र्याला तोफा ओतल्या. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी जी लढाई झाली तीत शिंद्यांच्या पुष्कळ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या आणि त्या उत्तम बनावटीच्या होत्या हे इंग्रजांनीही मान्य केले. असा तोफखाना दाखवताना सगळ्या तोफांवर एकच काळा हात फिरवला तर ती मेहनत, ती कारागिरी प्रेक्षकाला कशी कळावी?

तलवारींचेही तसेच. हिंदुस्थानातले मुरवलेले पोलाद जगभर नावाजलेले होते. त्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी जी नागमोडी रेषांची वीण दिसते तिला जौहर म्हणतात. ही वीण काढलेली नसते, ती पोलादाच्या अंगातच असते. पाते आंबट-क्षारांच्या द्रावणाने धुतले की उठून दिसते. असे पाते करडे-काळसर असते आणि त्यावर फिकट रेषा पळतात. दुसरीकडे मराठ्यांच्या हाती असलेली पुष्कळ सरळ पाती युरोपातून आलेली होती. त्यांना आपले लोक सरळ ‘फिरंग’ म्हणत. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार परत मिळवली; तिचे पाते युरोपीय बनावटीचे आहे आणि पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरी अक्षरे भरलेली आहेत. तेव्हा जौहरदार पाते वेगळे, फिरंगी पाते वेगळे, गावच्या लोहाराने घडवलेला साधा भाला वेगळा. या तिन्हींना एकच चंदेरी हात देणे म्हणजे मावळा, सरदार आणि छत्रपती यांना एकच अंगरखा घालण्यासारखे आहे. २०२४ च्या जुलै महिन्यात लंडनच्या संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याला आली तेव्हा ती पाहण्यासाठी रांगा लागल्या. त्यांच्याविषयीचा वाद इतिहासकार मिटवतील. पण त्यानंतर बाजारात जी पत्र्याची वाघनखे आली ती कल्हई केलेल्या चमच्यासारखी चमकत होती आणि त्या पोलादी वस्तूशी त्यांचे काही नाते उरले नव्हते.

हे सगळे करायला पैसे लागतात, परदेशी रंग लागतात, असा एक समज आहे. तो खरा नाही. परदेशात हा छंद फार वाढलेला आहे हे खरे. बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडन आणि अमेरिकेतले शेपर्ड पेन यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत छोट्या सैनिकांना, रणगाड्यांना जिवंत करण्याच्या रीती लोकांपुढे मांडल्या. त्या रीतींचे सार अगदी साधे आहे. खाचाखोचांत पातळ काळसर रंग मुरू द्यायचा आणि मग जवळजवळ सुक्या कुंचल्याने फक्त उंचवट्यांवर फिका रंग ओझरता फिरवायचा. काही लोक धातूची पूड असलेले रंग वापरतात, तर काही लोक धातूची पूड अजिबात न वापरता केवळ काळा, करडा, पांढरा यांच्या खेळातून लखलखते पोलाद रंगवतात, कारण पोलाद चमकते म्हणजे तरी काय? ते आभाळ आणि जमीन यांचे प्रतिबिंब दाखवते. वरच्या बाजूला आभाळ आणि खाली जमिनीची गडद सावली एवढे साधले की डोळा फसतो.

आमच्या गटाने जी लोखंडी तोफ केली ती घरगुती वस्तूंची होती. लाकडावर लांबी भरून पॉलिश पेपरने घासले, त्यावर चकाकी नसलेला काळा रंग दिला आणि तो पूर्ण वाळल्यावर शिसपेन्सिलीची बारीक पूड बोटाने घासली. काळ्यावर शिसपेन्सिल घासली की जो थंड, जड, करडा रंग येतो तो लोखंडाच्या इतका जवळचा असतो की कोणताही चंदेरी डबा त्याच्या पासंगाला पुरणार नाही. कडांवर पूड जास्त, खोबणीत मुळीच नाही. तोंडाशी काजळ, कारण तिथे दारूचा धूर बसतो. कान भरतात तिथे, म्हणजे बत्ती द्यायच्या छिद्राभोवतीही थोडे काजळ. गाड्याच्या लोखंडी पट्ट्यांना पाण्यात कालवलेल्या गेरूचा एक पुसट हात. एवढेच. सुट्टीत ती घरी नेली तेव्हा अण्णांनी आधी दुरून पाहिली, मग जवळ येऊन नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, “लाकूड हाय व्हय!” मला मिळालेले हे सर्वांत मोठे बक्षीस आहे.

दुसरे बक्षीस मिळाले नाही, तेही सांगून टाकते. एका आंतरमहाविद्यालयीन प्रदर्शनात आमच्या तोफेपाशी आलेल्या परीक्षकांनी विचारले, “ही रंगवायची राहिली का?” पहिला क्रमांक सोनेरी पट्ट्यांच्या एका चकचकीत तोफेला गेला. निकालाबद्दल माझी तक्रार नाही. ती तोफ करणाऱ्या मुलांनीही कष्ट घेतले होते. पण परीक्षकांच्या त्या प्रश्नात आपल्या सगळ्यांच्या नजरेचे दुखणे आहे. जे चमकत नाही ते अपुरे, असे आपण धरून चालतो.

मात्र या विरोधात दुसऱ्या टोकाला जाणारेही आहेत आणि त्यांच्याशीही माझा वाद आहे. खरे दिसावे म्हणून ते प्रत्येक शस्त्रावर गंज चढवतात. जेवढा गंज जास्त तेवढी प्रतिकृती अस्सल, असा त्यांचा हिशेब. आमच्याच गटातल्या एका मैत्रिणीने यावर आक्षेप घेतला होता की, महाराजांच्या काळातले शस्त्र गंजलेले दाखवणे हा अपमान आहे. तिचा राग मला आधी भाबडा वाटला, पण विचार केल्यावर तिचे म्हणणे अर्धे बरोबर आहे असे दिसले. कारण अपमानाचे राहू द्या, ते इतिहासाच्या दृष्टीनेही चूक आहे. आज तटावर जो गंज दिसतो तो १६७४ सालचा नाही. ज्या दिवशी रायगडावर राज्याभिषेक झाला त्या दिवशी गडावरच्या तोफा गंजलेल्या असत्या तर गड राखणाऱ्यांची धडगत नव्हती. वापरातले शस्त्र तेल-पाणी केलेले असते. आश्विन शुद्ध नवमीला आपण खंडेनवमी म्हणतो, कारण त्या दिवशी खंडा, म्हणजे तलवार, घासूनपुसून पुजली जाई. आमच्या घरी त्या दिवशी ऐरण धुऊन तिला हळदकुंकू वाहतात; घण, सांडशी, कानस सारी तिच्याभोवती मांडतात. धार लावणारे, शस्त्रांना उजाळा देणारे शिकलगार हे तर पिढीजात कारागीर होते. तेव्हा तलवारीची चमक खोटी नव्हती. ती शिकलगाराच्या हातची होती आणि जिथे त्याचा हात फिरला तिथेच ती होती : धारेवर अधिक, पाठीवर कमी, मुठीच्या सांध्यात मुळीच नाही. गंज मात्र आपला आहे. ती आपल्या दुर्लक्षाची कमाई आहे.

म्हणून रंगाला हात घालण्यापूर्वी प्रतिकृती करणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. मी हे शस्त्र कोणत्या वर्षीचे दाखवतो आहे? लढाईच्या सकाळचे, लढाईच्या संध्याकाळचे, की आज संग्रहालयाच्या काचेमागचे? तिन्ही खरी आहेत, पण तिघांचे रंग तीन आहेत. सकाळची तोफ तेल लावलेली, काळसर तुकतुकीत. संध्याकाळची तोफ तोंडाशी धुरकटलेली, चाकांवर चिखल बसलेली. आजची तोफ विटकरी, पावसाचे ओघळ उतरलेली. ज्याला हा प्रश्न पडला त्याला पुस्तक उघडावे लागते, संग्रहालयात जावे लागते, तिथे काचेला नाक लावून उभे राहावे लागते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा येथे खरी शस्त्रे पाहायला मिळतात. ज्याला प्रश्न पडला नाही तो डबा उघडतो.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगते. बेगड नुसती धातू लपवत नाही, ती माणूस लपवते. मुलूखमैदानवर ती ओतणाऱ्याचे नाव कोरलेले आहे : महंमद बिन हुसेन रूमी. त्याचे भाग्य म्हणून त्याचे नाव राहिले. हजारो भाले, पट्टे, तलवारी ज्यांनी घडवल्या त्यांची नावे कुठेच नाहीत. राहिल्या आहेत त्या फक्त खुणा : घणाचा एखादा ठोका, कानशीची रेघ, मुठीपाशी धातूला धातू जोडल्याचा सांधा. त्या खुणा हेच त्यांचे हस्ताक्षर आहे. सपाट चंदेरी हात फिरवला की ते हस्ताक्षर पुसले जाते आणि तलवार जणू आभाळातून चमकत खाली पडली असे वाटू लागते. आपण देवाने दिलेल्या तलवारींच्या कथा आवडीने ऐकतो, ऐकाव्यातही. पण त्यांच्या शेजारी भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याची कथाही ठेवायला हवी. महाविद्यालयात आले तेव्हा माझी समजूत अशी होती की, घरचे ज्ञान घरी ठेवायचे आणि पुस्तकातले ज्ञान इथे घ्यायचे. इतिहासाच्या पुस्तकात राजे होते, तह होते, सनावळ्या होत्या, ऐरण नव्हती. पण त्या तोफेला लोखंडाचा रंग देताना आईच्या घणाचा ठोका कुठे आणि कसा उमटतो हे मला आठवावे लागले, आणि तेव्हा या दोन ज्ञानांमधली भिंत मला पहिल्यांदा हललेली दिसली.

आणखी एक विचार मनात येतो. चकचकीत शस्त्र खेळण्यासारखे वाटते. खरे रंगवलेले शस्त्र जड वाटते, थंड वाटते, त्याच्याकडे पाहून थोडी भीतीही वाटते. ती वाटायलाच हवी. शस्त्राने स्वराज्य राखले हे जितके खरे, तितकेच ते माणसाच्या अंगात शिरण्यासाठी घडवलेले होते हेही खरे. जयघोष करणाऱ्या आम्हा तरुणांना त्याचे वजन समजले तर जयघोषाला अर्थ येईल.

शेवटी नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून आपल्या इतिहास मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, येत्या प्रदर्शनात प्रत्येक प्रतिकृतीखालच्या पाटीवर राजाचे आणि लढाईचे नाव असेल तसेच धातूचे नाव असावे, आणि कोणत्या वर्षीचे रूप दाखवले आहे तेही असावे. दुसरी, प्रतिकृती करण्यास सुरुवात करण्यापूर्वी प्रत्येक गटाने एकदा संग्रहालयात जाऊन खरे शस्त्र पाहावे आणि एकदा कुठल्याही लोहाराच्या भट्टीपाशी तासभर बसावे. भट्टीला तिकीट नसते. पंखा फिरवण्याची तयारी मात्र हवी. तिसरी, परीक्षक मंडळात प्राध्यापकांच्या बरोबरीने एक खुर्ची धातूकाम करणाऱ्या कारागिराला द्यावी. त्याला कदाचित लढाईचा सन सांगता येणार नाही. पण समोरची तलवार घडवलेली आहे की नुसती रंगवलेली, हे तो टिचकी न मारता सांगेल.